तरंगणे आणि पडणे

पाण्यात निश्चल पडून राहिलेला पोहणारा आणि अंतराळयानात हिंडणारा अंतराळवीर यांची चित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर दोहोंतला फरक सांगणे कठीण जावे. दोघांचेही पाय कशालाच टेकलेले नसतात, दोघांचेही हात नकळत शरीरापासून थोडे दूर उचललेले असतात, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर भार उतरल्याचा एक प्रकारचा निवांतपणा असतो. २०२५ च्या आषाढात शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात होते, तेव्हा त्यांची चलच्चित्रे घरोघरी पाहिली गेली. ती पाहताना आमच्या घरांतील मुलांनी ‘हे तर हवेत पोहताहेत!’ असा उद्गार काढला, आणि वडील मंडळींनीही तो मान्य करून टाकला. आपल्या भाषेने तर या दोन्ही अवस्थांना एकच क्रियापद दिले आहे: तरंगणे.

या एका शब्दाखाली दोन अगदी परस्परविरोधी गोष्टी झाकल्या गेल्या आहेत. त्या वेगळ्या करून पाहण्यास नर्मदेच्या घाटाइतकी चांगली प्रयोगशाळा नाही, असे आम्हांस नेमावरला वाटले.

इंदूरहून निघाले म्हणजे डबलचौकी, चापडा, कन्नौद, खातेगाव अशी गावे मागे टाकीत सुमारे १३० किलोमीटरवर हे तीर्थ लागते. आज ते देवास जिल्ह्यात मोडते. होळकरांच्या राज्यात मात्र नेमावर हे एका जिल्ह्याचेच नाव होते. त्याहून जुनी साक्ष अल्-बेरूनीची. धारहून दक्षिणेस गोदावरीकडे जाणाऱ्या मार्गाचे वर्णन करताना त्याने नर्मदाकाठच्या ‘नमावुर’ गावाचा उल्लेख केला आहे, आणि ते हेच नेमावर असे मानले जाते. समोरच्या तीरावर हंडिया; मोगलकाळात दक्षिणेचा रस्ता तेथेच नदी ओलांडीत असे. अलीकडे सिद्धनाथाचे परमारकालीन मंदिर, त्याच्या पायथ्याशी घाट, आणि नदीच्या पात्रात नाभिकुंड. अमरकंटकापासून खंबातच्या आखातापर्यंत १,३१२ किलोमीटर वाहणाऱ्या नर्मदेचे हे नाभिस्थान, अशी श्रद्धा आहे. परिक्रमावासीयांना नदी ओलांडावयाची नसते. त्यामुळे याच काठाने चालत आलेली माणसे समोरचे हंडिया नुसते डोळ्यांनी पाहतात आणि पुढे निघतात. समोरचे गाव गाठण्यासाठी त्यांना अमरकंटकापर्यंत जाऊन परत यावे लागते!

नर्मदाजयंतीस, म्हणजे माघ शुद्ध सप्तमीस, आम्ही काही कुटुंबे मिळून तेथे गेलो होतो. पाणी थंड होते, तरी घाटावर स्नानाची गर्दी होती. एक वृद्ध गृहस्थ पाण्यात पद्मासन घालून, उताणे पडून, हात न हलवता तरंगत होते. त्यांच्या छातीचा भाता हळू वरखाली होत होता. श्वास घेतला की शरीर दोन बोटे वर, सोडला की दोन बोटे खाली. हठयोगप्रदीपिकेत जे आठ कुंभक सांगितले आहेत त्यांतील शेवटचा ‘प्लाविनी’, आणि आपल्या शालेय पुस्तकांत पाण्याच्या ज्या जोरास ‘प्लावक बल’ म्हणतात त्याचाही धातू तोच. योग्याने आणि आर्किमिडीजने एकच गोष्ट दोन वाटांनी ओळखली होती, असे म्हणावयास हरकत नाही. माणसाचे शरीर पाण्याहून किंचितच जड वा किंचितच हलके असते. फुप्फुसे भरली की पारडे एका बाजूस झुकते, रिकामी झाली की दुसऱ्या. हा हिशेब इतका काठावरचा आहे की एका श्वासाने तो फिरतो.

आमच्या पिढीतील पुष्कळांनी पोहण्याचे धडे विहिरीत घेतले. पाठीला सुका भोपळा, नाही तर झाकण डाख देऊन बंद केलेला पत्र्याचा डबा बांधावयाचा, आणि काकाने किंवा मामाने मागून ढकलून द्यावयाचे, ही त्या विद्यालयाची एकमेव परीक्षा. भोपळ्यात हवा असते, ती शरीराच्या वजनाची तूट भरून काढते, आणि मूल वर राहते. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की वजन कोठेही गेलेले नसते. पृथ्वी मुलाला खाली ओढतच असते; पाणी त्याला तेवढ्याच जोराने वर रेटीत असते. दोन बलांची बरोबरी होते आणि मूल मध्ये अडकते. अंतराळवीराला कौतुकाने ‘त्रिशंकू’ म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. पण कथेतला त्रिशंकू लोंबकळला तो इंद्राने खाली लोटले आणि विश्वामित्राने वर धरले म्हणून. दोन बरोबरीच्या रेट्यांमध्ये सापडलेला तो राजा अंतराळवीराचा नव्हे, नर्मदेतल्या महाशीर माशाचा आप्त आहे. तो मासा पोटातल्या हवेच्या पिशवीने आपले वजन आणि पाण्याचा जोर यांचा मेळ घालून पात्राच्या मध्यावर स्वस्थ उभा राहतो.

मग अंतराळवीरांना पाण्यात शिकवितात ते का? त्यालाही एक इतिहास आहे. १९६५ च्या मार्चमध्ये सोव्हिएत रशियाचे अलेक्सेइ लिओनोव्ह यानाबाहेर पडणारे पहिले मानव ठरले. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या जेमिनी यानांतून जे बाहेर पडले त्यांची फार दैना झाली. जेमिनी-९ मधील यूजीन सर्नन आणि जेमिनी-११ मधील रिचर्ड गॉर्डन हे धट्टेकट्टे वैमानिक. पण पाय रोवावयास आधार नाही, आणि बाहेरून एक मळसूत्र फिरवावे तर आपणच उलटे फिरतो, अशा झटापटीत ते घामाघूम होऊन दमले. तेव्हा बाल्टिमोरजवळच्या एका शाळेच्या तलावात तालीम करून पाहण्याची कल्पना निघाली. १९६६ च्या नोव्हेंबरमध्ये जेमिनी-१२ मधून बझ ऑल्ड्रिन बाहेर पडले ते पाण्यात सराव करून, आणि त्यांचे काम बिनबोभाट पार पडले. पाय अडकविण्यास खोबणी आणि धरावयास कड्या कोठे हव्यात, हे त्या तलावातच कळले होते.

आज अमेरिकेत ह्यूस्टन येथे यासाठी जो तलाव आहे तो ६२ मीटर लांब, ३१ मीटर रुंद आणि १२ मीटर खोल आहे. त्यात अंतराळ स्थानकाच्या भागांच्या पूर्णाकृती प्रतिकृती बुडवून ठेवल्या आहेत. पोशाख चढविलेल्या अंतराळवीराला यारीने पाण्यात सोडतात आणि पाणबुडे त्याच्या पोशाखाला कोठे शिशाची वजने, तर कोठे हलक्या फेसाळ पदार्थाचे तुकडे लावून असे तोलतात की तो वर येत नाही, खाली जात नाही आणि एका कुशीवर कलतही नाही. आमच्या विहिरीवरच्या भोपळ्याचीच ही श्रीमंत भावंडे! अंतराळात एक तास जे काम करावयाचे त्याची या तलावात पाच ते सात तास उजळणी करून घेतात. सुनीता विल्यम्स यांनी आपल्या कारकिर्दीत यानाबाहेर ६२ तासांहून अधिक काळ काम केले. त्याच्या किती पट तास पाण्यात गेले असतील याचा हिशेब वाचकांनी करावा.

आणि तरीही तलाव तो तलावच. पोशाख तरंगतो, पोशाखातला माणूस तरंगत नाही. काम करताना तो उलटा झाला की त्याचा सगळा भार पोशाखाच्या आत खांद्यांवर येतो आणि रक्त डोक्याकडे धावते. हातातले हत्यार सुटले तर ते तळाला जाते. शिवाय पाणी दाट असते. पाण्यात हालचाल सुरू करावयास जोर लागतो, पण थांबणे आपोआप होते. अंतराळात याच्या उलट, सुरुवात बोटाच्या स्पर्शाने होते आणि थांबण्यासाठी मात्र आधार शोधावा लागतो. पाण्यात तयार झालेल्यांना ही एक सवय वर गेल्यावर मोडावी लागते.

सर्वांत मोठा फरक मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो कानात आहे. आपल्या अंतर्कर्णात चुनखडीसारख्या द्रव्याचे सूक्ष्म कण असतात. पृथ्वी त्यांना खाली ओढते आणि त्यावरून मेंदूला ‘खाली’ कोणते ते कळते. पाणी कातडीला बाहेरून उचलून धरते. कानातल्या कणांना, पोटातल्या आतड्यांना, धमन्यांतल्या रक्ताला ते उचलीत नाही. म्हणून नर्मदेत डोळे मिटून तरंगणाऱ्यालाही आपली पाठ खाली आहे हे ठाऊक असते. अंतराळात ही जाणीवच नाहीशी होते, आणि पहिले दोन-तीन दिवस कित्येकांना मळमळते ते त्यामुळे.

आता खरी गोष्ट. अंतराळ स्थानक आपल्या डोक्यावर साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून जाते. इंदूर ते नागपूर हे अंतर त्याहून मोठे! एवढ्याशा उंचीवर पृथ्वीची ओढ संपत नाही. ती जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ नऊ-दशांश असते. म्हणजे अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते हे जे आपण सर्रास म्हणतो ते खरे नव्हे. स्थानक पृथ्वीकडे पडतच असते, दर सेकंदाला सुमारे सव्वाचार मीटर. पण त्याच एका सेकंदात ते साडेसात किलोमीटरांहून अधिक पुढे गेलेले असते, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीचा गोल पृष्ठभागही नेमका सव्वाचार मीटर खाली वळलेला असतो. पडणे चालू आहे, जमीन मात्र गाठली जात नाही. दीड तासात एक प्रदक्षिणा होते आणि पुन्हा तेच. यान पडते, त्यातला माणूस पडतो, त्याच्या हातातली लेखणी पडते, सारे एकाच वेगाने. कोणी कोणावर टेकत नाही, म्हणून वजन भासत नाही. १९०७ मध्ये बर्न येथील पेटंट कचेरीत बसलेल्या आइन्स्टाइनच्या मनात आले होते ते हेच, की छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचे वजन जाणवणार नाही. या एका विचारातून पुढे त्याचा गुरुत्वाकर्षणाचा सारा सिद्धान्त उभा राहिला.

हे कळल्यावर नेमावरच्या घाटाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. अंतराळाची प्रचिती पाण्यात निवांत पहुडलेल्या त्या वृद्ध गृहस्थांना येत नव्हती. ती येत होती शेजारच्या ओट्यावरून धडाधड उड्या टाकणाऱ्या पोरांना. तीन मीटर उंचीवरून पाण्यात उडी घेतली तर पाय सुटल्यापासून पाणी लागेपर्यंत पाऊण सेकंद जातो. त्या पाऊण सेकंदात मूल खरोखरीचे वजनरहित असते, राकेश शर्मा होते तितकेच! जत्रेतला मोठा पाळणा वरून खाली येताना पोटात जो गोळा येतो तो त्याच अवस्थेचा चोरटा नमुना. पाण्यात पडून राहिल्याने पोटात गोळा कधी येत नाही. आपल्या बोलीने हा भेद शास्त्रज्ञांच्या आधीच टिपला होता म्हणायचा. गगनयानासाठी निवडलेल्या आपल्या चार वैमानिकांचे २०२० व २०२१ मध्ये रशियात शिक्षण झाले, तेव्हा त्यांना विमानातून हीच ‘उडी’ दिली गेली. विमान उंच चढते आणि वरून कमानीसारखे खाली झेपावते. त्यात वीस-पंचवीस सेकंद वजन हरपते. त्याहून लांब उडी या भूमीवर घेता येत नाही.

(उड्यांचे हे कौतुक शास्त्रापुरतेच. घाटाच्या तळाशी दगड असतात आणि नदीची पातळी प्रत्येक ऋतूत बदलते. आमच्याबरोबरच्या मुलांना आम्ही उडी मारू दिली नाही, हे येथे नोंदविणे भाग आहे.)

संध्याकाळी दीपदान झाले. पानांच्या द्रोणांत वाती लावून लोकांनी ते प्रवाहात सोडले. काठावरून पाहताना दिव्यांची ओळ हळूहळू पुढे सरकत होती. आम्ही नावेत होतो. नावाड्याने वल्ही वर घेतली आणि नाव प्रवाहावर सोडून दिली. काही क्षणांत आमच्या भोवतालचे दिवे जागच्या जागी थांबले. एक द्रोण नावेपासून हातभर अंतरावर होता, तो तेथेच राहिला; दुसऱ्यात कोणी झेंडूचे फूल ठेवले होते, तेही पहिल्यापासून दोन हातांवर स्थिर. पाणी, नाव, दिवे, फूल, सगळे मिळून वाहत होते, आणि म्हणून कोणीच वाहत नव्हते. यानातली लेखणी अंतराळवीराच्या नाकासमोर स्थिर राहते ती अशीच. पाण्याचे धरणे हा अंतराळाचा दाखला नव्हे; पाण्याबरोबर वाहणे हा पुष्कळसा आहे.

नावाड्याने आम्हांस त्या वेळी एक गोष्ट सांगितली, आणि ती शास्त्राच्या गोडीहून महत्त्वाची आहे. पोहणारा बुडतो तो बहुधा दमल्यावर. आणि दमतो तो आपण किती वाहत आलो हे कळले नाही म्हणून. प्रवाहाबरोबर जाणाऱ्याला प्रवाह जाणवत नाही. पाणी त्याला संथच वाटते, कारण पाणी आणि तो एकत्रच निघालेले असतात. तो मग काठाकडे वळून पाहतो तर घाट कोठल्या कोठे मागे राहिलेला असतो, आणि घाबरून तो सरळ उलट दिशेने हातपाय मारू लागतो. नावाड्याची रीत अशी: पाण्यात शिरण्याआधी काठावरच्या दोन वस्तू हेरून ठेवाव्यात, जवळचा एखादा खांब आणि त्याच्या मागचे झाड किंवा सिद्धनाथाचे शिखर. त्या दोन्ही एका रेषेत दिसत आहेत तोवर आपण जागेवर आहोत. फाकू लागल्या की वाहू लागलो. आणि वाहत गेलोच, तर धारेशी झगडू नये. तिच्याबरोबर जात जात तिरके काठाकडे सरकावे. दर वर्षी सणांना आणि सुट्यांत नर्मदेच्या घाटांवरून मुले बुडाल्याच्या बातम्या येतात. आपल्या कुटुंबांतील मुले सहलीला नदीवर जातात तेव्हा एवढे दोन शब्द त्यांच्या कानांवर घालून पाठवावे.

नावेतून उतरताना आमच्या बरोबरच्या एका वृद्ध बाईंनी विचारले, की कंबरभर पाण्यात उभे राहिले की गुडघे दुखायचे थांबतात, मग अंतराळात गुडघे कायमचे बरे होत असतील का? प्रश्नावर हशा झाला खरा, पण तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कंबरभर पाण्यात गुडघ्यांवरचा भार निम्म्याच्या आसपास उतरतो. त्यांचा अनुभव खराच होता. मात्र हाडांना भाराचीच भूक असते. अंतराळात कंबरेच्या हाडांतील खनिज द्रव्य महिन्याला एक ते दीड टक्का झडते. पोटऱ्या आणि पाठीचे स्नायू वाळतात. म्हणून तेथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करावाच लागतो. राकेश शर्मा यांनी १९८४ च्या एप्रिलमध्ये सल्यूत-७ वर जे आठवडाभराचे वास्तव्य केले, त्यात योगासनांचा शरीरावर काय परिणाम होतो हे पाहण्याचा प्रयोग होता, तो या काळजीपोटीच. पाण्याच्या मदतीने हीच झीज जमिनीवर अभ्यासण्याची युक्तीही रशियनांनी काढली. माणसाला जलाभेद्य कापडात गुंडाळून कोमट पाण्याच्या हौदात दिवसेंदिवस निजवून ठेवावयाचे. २०२१ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे काही स्त्रियांनी अशा हौदांत पाच दिवस काढले. म्हणजे तासभराचे पाणी औषध, आणि आठवड्याचे पाणी आजार.

नदीत उभे राहिले की थोड्याच वेळात लघवीची भावना होते, हेही सर्वांच्या अनुभवाचे, जरी कोणी बोलून दाखवीत नाही. पाण्याच्या दाबाने पायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते, शरीराला वाटते की आपल्यात पाणी फार झाले, आणि ते काढून टाकू लागते. अंतराळवीरांचे चेहरे सुजल्यासारखे दिसतात आणि पाय काटकुळे होतात ते रक्ताच्या अशाच स्थलांतरामुळे. येथे मात्र पाणी आणि अंतराळ खरोखर सख्खे शेजारी आहेत.

पाण्याचा आणखी एक अवतार अंतराळातच पाहावयास मिळाला. १६ जुलै २०१३ रोजी इटलीचे लुका पार्मितानो स्थानकाबाहेर काम करीत असताना त्यांच्या पोशाखातील शीतक यंत्रणेतून पाणी गळू लागले आणि शिरस्त्राणात साचले. सुमारे दीड लिटर पाणी, एका तांब्यात मावेल एवढे. नर्मदेवर ते मानेवरून ओघळून गेले असते. तेथे ‘खाली’ हा प्रकारच नसल्याने ते ओघळले नाही. ते त्यांच्या डोळ्यांना, कानांना आणि नाकाला चिकटून बसले, आणि हाताने पुसावे तर मध्ये शिरस्त्राणाची काच. दिसेनासे झाले, ऐकू येईनासे झाले. सुरक्षादोर हाताने चाचपीत त्यांनी परतीचा दरवाजा गाठला. नदीतला बुडणारा माणूस निदान वर कोठे आहे हे जाणतो आणि त्याच्या श्वासाचे बुडबुडे त्याला वाट दाखवितात. बुडबुडा वर जातो तो पाणी जड असते म्हणून. जेथे पाण्यालाच वजन भासत नाही तेथे बुडबुडाही वर जात नाही, भोपळाही तारीत नाही. आर्किमिडीजचा नियम तेथे खोटा ठरत नाही. त्याला करण्यासारखे काही काम उरत नाही, एवढेच.

शुभांशु शुक्ला १५ जुलै २०२५ रोजी परतले ते पॅसिफिक महासागरात, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ. परतल्यावर काही दिवसांनी त्यांनी पलंगावर बसून काम संपविले, लॅपटॉप मिटला आणि कडेला हवेत सोडून दिला. वर असताना तो तेथेच राहिला असता. येथे तो जमिनीवर पडला. गगनयानातील प्रवासीही समुद्रातच उतरावयाचे आहेत, आणि त्यांची कुपी पाण्यातून सुखरूप बाहेर कशी काढावयाची याचा सराव २०२२ च्या डिसेंबरमध्ये कोचीच्या नौदल केंद्रात सुरू झाला. वजन हरपलेल्या कानांना ते परत मिळते त्याच वेळी समुद्राच्या लाटा कुपीला पाळण्यासारखे हेलकावे देत असतात, आणि भल्याभल्या वैमानिकांनाही तेथे उलटी होते.